विकलेले आणि वाटलेले

विजयश्री आमच्या डिस्पॅच ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. वय चाळिशीच्या जरा अलीकडे, मूळची परभणीकडची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर चाकणजवळच्या कुरुळीला आली आणि गेली चौदा वर्षं तिथेच राहते. नवरा एका गाड्यांच्या कंपनीत प्रेसशॉपला, पत्र्याचे भाग दाबून काढतात तिथे आहे. ती स्वतः आधी गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिथली एक हकीकत ती आमच्याकडे रुजू व्हायच्या आधीच आमच्याकडे पोचली होती. एकदा गिऱ्हाइकाची तक्रार आली की खोक्यांत माल कमी निघतोय. सुपरवायझरने पॅकिंगच्या सगळ्या बायकांना उभं करून झापलं. बाकीच्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. ही म्हणाली, "माझ्या खोक्यात अठ्ठेचाळीस हायेत. फोडून बघा." गेटबाहेर पडलेला टेम्पो माघारी बोलावला, तिच्या नावाची बावीस खोकी फोडली. प्रत्येकात अठ्ठेचाळीस.

असं माणूस आमच्या कारखान्याला हवंच होतं. आम्ही 'भिडू' नावाचा गेमिंग कन्सोल जुळवतो. टीव्हीला जोडायचा एक डबा आणि हातात धरायचे दोन कंट्रोलर, परदेशी कन्सोलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. चाकणच्या पट्ट्यात मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्या. त्यांच्या मधोमध आमची एक शेड, जुळणीची एक लाइन आणि एक गोदाम. माझं काम ट्रक ठरवायचं. किती डबे, कुठल्या शहराला, कुठल्या गाडीने, एवढंच. विजयश्रीचं काम आकड्यांचं. दर महिन्याला तिने तीन आकडे काढायचे: कारखान्यातून बाहेर गेलेले डबे, विकले गेलेले डबे, आणि सुरू झालेले डबे. दुकानदार डबा विकताना कंपनीच्या ॲपवर स्कॅन करायचे, त्यावरून दुसरा आकडा यायचा. तिसरा आपोआप यायचा. गिऱ्हाइकाने घरी नेऊन कन्सोल पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की त्याचा सिरियल नंबर आमच्या सिस्टिमवर उमटायचा. तीन आकड्यांच्या पत्रकावर खाली तिची सही. त्यातला 'विकले गेलेले' हा आकडा मुख्य कार्यालयात जायचा आणि तिथून बातम्यांत.

त्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत विकले गेलेले डबे झाले एकसष्ट हजार.

इतका आकडा आम्ही कधी पाहिला नव्हता. गेटवर बॅनर लागला, कँटीनमध्ये पेढे वाटले. विक्रीचं सगळं बघणारा निरंजन, पस्तिशीतला हुशार माणूस, त्याने टेबलावर चढून भाषण केलं. आठवड्याभरात निर्णय आला: जानेवारीपासून दुसरी लाइन, एकशेऐंशी नवी माणसं. लाइनचा सुपरवायझर नागसेन नांदेडचा. त्याच्यामागे अख्खं कुरुळी लागलं. "नागसेनभाऊ, माझ्या मेव्हणीचं बघा," "नागसेनभाऊ, आमच्या खोलीवरची दोघंजण हायेत." नागसेन प्रत्येकाला सांगायचा, अनुभवी पाहिजेत, दुसरीकडे काम करणारी पाहिजेत, आणि एक तारखेला हजर पाहिजेत. म्हणजे असलेली नोकरी सोडून या.

विजयश्रीची धाकटी बहीण वर्षाली चिंचवडला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत होती. सहा वर्षं झाली होती, आता कुठे पगार बरा झाला होता. पण इथे तिला लाइन लीडर करतो असं नागसेनने कबूल केलं होतं. तिने राजीनामा लिहूनही ठेवला. तिच्याच टेबलावर काम करणारी मंजुषा नावाची मैत्रीण तिच्याबरोबर येणार होती. मंजुषाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. घर तिच्या एकटीवर होतं, आणि इथे पगार अडीच हजारांनी जास्त होता.

पेढ्यांचा दिवस गेला आणि विजयश्री रोज सुरू झालेल्या डब्यांचा आकडा उघडून बघायला लागली.

एका दुपारी तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "भाऊ, हे बघा. विकले एकसष्ट हजार. सुरू झाले चोवीस हजार."

"होतील हळूहळू," मी म्हणालो.

"एरवी पंधरा दिवसांत होतात. शंभर विकले की नव्वद सुरू होतात. हे डबे कुठं जायलेत?"

ती निरंजनकडे गेली. त्याने हसून सांगितलं की लोक दिवाळीला घेतात, गावाकडे नेतात, तिथे नेट नसतं. परीक्षा संपल्या की मुलं उघडतील. ते पटण्यासारखं होतं. तिने पटवून घेतलं. आणखी पंधरा दिवस गेले. चोवीस हजारांचे साडेचोवीस हजार झाले.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिने मला फोन करून विचारलं, "तुमी पिंपळे सौदागरला राहता ना? तिथं आपला डीलर हाय, झिशान. मला त्याचं दुकान बघायचंय."

झिशानचं दुकान आमच्या सोसायटीपासून जवळच, दोन मोठ्या गृहसंकुलांच्या मधल्या रस्त्यावर. त्याचे वडील चांदभाई यांनी रेडिओ दुरुस्तीवर सुरू केलेलं. आता झिशान मोबाइल, टीव्ही, कन्सोल सगळं ठेवतो. आम्ही कंपनीची माणसं म्हणून त्याने चहा मागवला. विजयश्रीचं लक्ष भिंतीकडे होतं. मागच्या फळीवर 'भिडू'चे चाळीसेक डबे होते. वर धूळ.

"हे कंपनीकडून आलेले?"

"हो ताई. ऑक्टोबरपासून तसेच आहेत."

"पण तुमच्या दुकानातून तर महिन्याला साठ-सत्तर विकले जातात. ॲपवर दिसतात आमाला."

झिशानने काउंटरखालून तीन डबे काढून वर ठेवले. तिन्ही सीलबंद. "हे विकतो ना. हे लोक आणून देतात. स्कूटर घेतली, त्यावर फुकट मिळाला. फ्लॅट बुक केला, त्यावर फुकट. टीव्हीवर फुकट. घरात खेळणारं कोणी नाही, काय करणार? माझ्याकडे येतात. मी घेतो, आणि गिऱ्हाइकाला कंपनीच्या भावापेक्षा स्वस्त देतो. नवाच माल आहे. मग फळीवरचा कोण घेईल, तुम्हीच सांगा."

"आणि विकल्यावर ॲपवर स्कॅन करता?"

"करतो की. स्कॅन केल्याशिवाय वॉरंटी सुरू होत नाही. गिऱ्हाईक भांडायला येतं." तिचा चेहरा पाहून तो थांबला. "का? चूक आहे का काही? ॲप घेतं ताई. एकदाही नको म्हणालं नाही."

विजयश्रीने त्या तीन डब्यांचे नंबर हातातल्या कागदावर लिहून घेतले. पेन नीट चालत होतं, तरी तिने प्रत्येक आकडा दोनदा गिरवला.

बाहेर आल्यावर ती पार्किंगमध्ये माझ्या गाडीशी उभी राहिली, बसली नाही. "भाऊ, स्कूटर कंपनीला डबे कोण नेतं?"

ते मीच पाठवले होते. सप्टेंबरपासून माझ्या वहीत नोंदी होत्या: इतके ट्रक स्कूटर कंपनीच्या गोदामाला, इतके बिल्डरांना, इतके टीव्हीवाल्यांना. फुकट वाटायच्या योजनेसाठी त्यांनी घाऊक घेतले होते. मला ते ठाऊक होतं आणि त्यात काही विचित्र आहे असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माल गेला, ट्रक रिकामा परत आला, माझं काम संपलं.

"त्यांचं घाऊक बिल झालं त्याच दिवशी ते डबे विकले म्हणून धरले," ती म्हणाली. "मग त्यातलाच एक डबा या दुकानात आला, परत विकला, परत धरला. एकच डबा दोनदा."

"किती असतील असे?"

"ठाऊक नाही. मोजावं लागंल."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने वर्षालीला फोन केला. हे मला नंतर वर्षालीने सांगितलं. "राजीनामा देऊ नको," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत थांब." वर्षाली भडकली. लाइन लीडरची जागा दुसरं कोणी घेईल, नागसेनभाऊ रोज विचारतायत, तुला कायम शंकाच येतात. दोघींचं बरंच वाजलं. शेवटी विजयश्रीने तिला शपथ घातली आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली: "हे अजून पक्कं नाही. मी नंबर जुळवते तोवर कुणाला बोलू नको." वर्षाली कुणाला बोलली नाही.

सोमवारी सकाळी मंजुषाने चिंचवडच्या कंपनीत राजीनामा दिला.

सोमवार ते बुधवार विजयश्रीने नंबर जुळवले. घाऊक पाठवलेल्या डब्यांचे नंबर सलग पट्ट्यांनी होते. ते गोदामाच्या याद्यांत सापडले. दुकानांच्या स्कॅनचे सत्तावीस हजार नंबर सिस्टिममध्ये होते. एक यादी दुसरीवर ठेवून ती शोधत होती. जेवायची सुट्टी तिने टेबलावरच काढली. मी काही विचारलं तर फक्त मान हलवायची. मंगळवारी दुपारी निरंजन दारातून डोकावून म्हणाला, "ताई, तिमाही पत्रकावर सही झाली का? शुक्रवारी मुख्य कार्यालयाबरोबर मीटिंग आहे, गुरुवारपर्यंत हवंय मला." ती म्हणाली, "देते." तो गेला. माझ्या लक्षात आलं की तिने स्क्रीनवर दुसरीच फाइल उघडून ठेवली होती.

बुधवारी तीनच्या सुमारास तिने खुर्ची मागे सरकवली.

"एकसष्ट हजारांतले चौतीस हजार फुकट वाटायला गेलेले," ती हळू आवाजात म्हणाली. "राहिले सत्तावीस, दुकानातले. त्यातले सहा हजार हे त्या चौतिसातलेच, परत मोजलेले. लोकांनी आपणहून, खिशातले पैसे देऊन घेतलेला कंपनीचा माल एकवीस हजार."

"म्हणजे एकसष्टचे एकवीस?"

"एकवीस. आणि आता योजना संपल्या. जानेवारीत त्या तिघांची एक ऑर्डर नाही, मी बघितलं. उलट त्यांनी वाटलेले डबे बाजारात स्वस्तात फिरायलेत. दुसरी लाइन कोणासाठी चालवणार?"

त्यानंतर ती निरंजनच्या केबिनमध्ये गेली. दार काचेचं होतं आणि पुरतं लागायचं नाही. मला सगळं ऐकू येत होतं.

"आकडा खोटा आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?" निरंजनचा आवाज वर चढला नव्हता, पण घट्ट झाला होता. "एकेका डब्याचं बिल आहे. पैसे आलेत. स्कूटर कंपनीने विकत घेतले, आपण विकले. पुढे त्यांनी वाटले की समुद्रात टाकले, तो त्यांचा प्रश्न."

"खोटा म्हणत नाही मी, सर. चौतीस हजार बिलं झाली, खरंय. पण विकलेले आणि वाटलेले एका रकान्यात कसे घालायचे? दोन रकाने करू. आणि ते सहा हजार काढू, ते तर दोनदा आलेत."

"सगळे असंच धरतात. या धंद्यात दुकानात पोचलेला मालसुद्धा विकला म्हणून जाहीर करतात लोक. आपण निदान बिल तरी दाखवतो."

"जाहीर काय करायचं ते करा. पण या आकड्यावर माणसं घ्यायलेत."

निरंजनने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "बरोबर. एकशेऐंशी माणसं. तुम्ही दोन रकाने केलेत की ती लाइन जाणार. ते त्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगाल?" आणि जरा थांबून, "माझ्यावर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, ताई. हा आकडा मी वर कळवून बसलोय. उद्या दुपारी चारपर्यंत सही करून द्या."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिने पाणी प्यायलं आणि सरळ शेडमध्ये नागसेनकडे गेली. मी मागोमाग गेलो. मला एकटं बसवेना.

नागसेनने सगळं ऐकून घेतलं. लाइन चालू होती, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि आजूबाजूच्या चार माणसांनी हात थांबवले.

"ताई, माझ्या शब्दावर अकरा जणांनी राजीनामे दिलेत," तो म्हणाला. "अकरा. कालच दोन आले. आता मी त्यांना काय सांगू, ताईंनी बेरीज परत केली म्हणून?"

"अजून कुणाला देऊ देऊ नका. एवढंच सांगायला आले."

"आणि उद्या तुमचं चुकलं तर? लाइन सुरू झाली आणि माझी माणसं बाहेर राहिली तर?"

"चुकलं तर मला बोला."

"तुम्हाला बोलून त्यांचं घर चालंल काय?" नागसेन असा कधी बोलायचा नाही. तो लगेच वळला आणि थांबलेल्या चौघांवर ओरडला, "बघताय काय? हात चालवा!" पण त्या संध्याकाळपासून त्याने कुणाला नवीन शब्द दिला नाही, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी चार वाजले. विजयश्रीने पत्रक निरंजनच्या टेबलावर ठेवलं. त्यावर सही नव्हती. सोबत विकलेले, वाटलेले आणि दोनदा मोजलेले अशा तीन रकान्यांचं तिने केलेलं दुसरं पत्रक होतं, त्यावर मात्र सही होती. निरंजनने दुसरं उचललं, न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पहिलं फाइलमध्ये घातलं.

शुक्रवारच्या मीटिंगला मी असायचं काही कारण नव्हतं. गोदामाच्या साठ्याबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला म्हणून मला भिंतीशी बसवलं होतं. विजयश्री माझ्या शेजारी. टेबलाच्या टोकाला कारखान्याचे प्रमुख अर्जुनराव. ते जवळच्याच गावातले; फिटरपासून चढत इथवर आलेले, साठीला टेकलेले. समोर मोठ्या पडद्यावर मुख्य कार्यालयातली चार माणसं.

निरंजनने चांगलं सादर केलं. एकसष्ट हजार, मागच्या वर्षीच्या चौपट. दुसऱ्या लाइनची यंत्रं, माणसं, तारीख. पडद्यावरच्या माणसांनी माना डोलावल्या. अर्जुनराव चष्मा लावून पत्रक वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी ते उलटं केलं, परत सुलटं केलं.

"यावर सही न्हाई," ते म्हणाले.

"राहून गेली असेल, सर. घेतो नंतर," निरंजन म्हणाला.

"विजयश्री, सही का न्हाई?"

ती उठली.  तिने हातातला कागद दोन्ही हातांनी धरला.

"सर, मला एकच सांगायचंय. या तीन महिन्यांत गेटबाहेर किती डबे गेले ते विचारा."

"कुणाला ठाव हाय?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. निरंजनने मान किंचित हलवली, नको, असं. मला आठ महिन्यांपूर्वी त्यानेच कायम करून घेतलं होतं.  मी वही उघडली, आकडा पाठ असूनही.

"बासष्ट हजार, सर."

"बासष्ट गेले, एकसष्ट विकले," विजयश्री म्हणाली. "मग देशभरातल्या सगळ्या दुकानांत मिळून हजार डबे उरायला हवेत. दुकानदारांनी स्वतः कळवलेला साठा सात हजार हाय. एका पिंपळे सौदागरच्या दुकानात चाळीस डबे धूळ खायलेत, मी बघून आले. सहा हजार डबे जास्त कुठून आले? ते आपण दोनदा मोजले, सर." मग तिने बाकीचं सांगितलं. आधी चौतीस हजार, मग एकवीस. तिचा आवाज हळूहळू स्थिर झाला. नंबरांची यादी तिने टेबलावर ठेवली.

पडद्यावर कुणीतरी आवाज बंद केला. ते चौघे आपसात बोलताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. दोन-तीन मिनिटं गेली असतील. खोलीत एसीचा आवाज तेवढा होता. निरंजन पेनचं टोपण काढत होता, लावत होता.

आवाज परत आला. पडद्यावरच्या एक मॅडम म्हणाल्या, "निरंजन, योजनावाल्या तिघांची जानेवारीची ऑर्डर किती आहे?"

"बोलणी चालू आहेत, मॅडम."

"ऑर्डर किती आहे?"

"सध्या नाही."

अर्जुनरावांनी चष्मा काढला. "हे आदी कुणाला ठाव व्हतं?" त्यांनी विचारलं.  ते निरंजनकडे बघत नव्हते, विजयश्रीकडेही नाही. टेबलाकडे बघत होते.

दुसरी लाइन जानेवारीत सुरू झाली नाही. आहे त्याच लाइनला अर्धी शिफ्ट वाढवली आणि त्यासाठी चाळीस माणसं घेतली. राजीनामे दिलेल्यांना आधी घ्या म्हणून नागसेन अर्जुनरावांच्या केबिनबाहेर दोन दिवस बसला. अकरापैकी सात जण आत घेतले गेले. चार राहिले. त्यांत मंजुषा होती. अर्ध्या शिफ्टच्या वेळा तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेळांशी जुळत नव्हत्या, आणि नागसेनला दुसरी जागा मिळवता आली नाही. चिंचवडच्या कंपनीने तिच्या जागी माणूस घेतला होता.

बाहेरच्या जगात फारसं काही बदललं नाही. पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात आमची अर्धं पान जाहिरात आली: साठ हजारांहून अधिक 'भिडू'. विजयश्रीने ती जाहिरात वाचली आणि पेपर मला परत दिला. तोवर तिचं टेबल हललं होतं. 'अनुभवी माणूस हवंय' असं सांगून तिला परत आलेल्या मालाच्या विभागात पाठवलं, शेडच्या मागच्या टोकाला. पगार तोच, पण पत्रकावरची सही आता दुसऱ्याची. एकदा विकला म्हणून नोंदलेला डबा ॲप आता घेईना, त्यामुळे झिशानचा स्वस्त डब्यांचा धंदा बंद झाला. मी भेटलो तेव्हा त्याने चहा विचारला, पण पूर्वीसारखा बसला नाही. निरंजन मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीत गेला. मार्चमध्येच दुकानांतली विक्री महिन्याला चार हजारांवर आली आणि वाढवलेली अर्धी शिफ्टही थांबली. चाळीस माणसांना आहे त्या लाइनवर सामावून घेतलं गेलं, रडतखडत का होईना. एकशेऐंशी असती तर काय झालं असतं, ते नागसेन मला एकदा कँटीनमध्ये बोटांवर मोजून सांगत होता. विजयश्रीला मात्र त्याने ते कधी सांगितलं नाही.

आता मंजुषाबद्दल. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी शिफ्ट सुटताना ती गेटवर येऊन उभी होती. मी आणि विजयश्री बरोबरच बाहेर पडलो. मंजुषा पुढे आली. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं. तिने तसं काही केलं नाही.

"ताई, एक विचारायचं होतं. तुम्हाला हे कधी कळलं?"

"बुधवारी पक्कं झालं," विजयश्री म्हणाली.

"वर्षालीला तुम्ही रविवारी फोन केला होता. तिने सांगितलं मला. रडत सांगितलं."

विजयश्रीने खांद्यावरची पिशवी सावरली.

"मी सोमवारी कागद दिला. सकाळी साडेनऊला. ती माझ्या शेजारी बसलेली होती."

"पक्कं नव्हतं गं तेव्हा. चुकलं असतं तर माझ्या बोलण्यावर तुझी इथली जागा गेली असती."

"बहिणीला थांबवण्याइतकं पक्कं होतं ना?"

कामगारांची बस हॉर्न वाजवत होती. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते. विजयश्री माझ्या ओळखीत कधी उत्तराला अडली नव्हती. एखाद्या आकड्यावर कुणी शंका घेतली तर ती म्हणायची, फोडून बघा. या वेळी तिने मंजुषाच्या तोंडाकडे बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "होतं. मी सांगायला पाहिजे होतं."

मंजुषाने मान हलवली, जणू एवढंच विचारायला आली होती, आणि रस्ता ओलांडून निघून गेली. विजयश्रीची बस सुटली. ती गेटच्या भिंतीशी उभीच राहिली. मी गाडी काढून आणली आणि तिला कुरुळीला सोडलं. 

पुढचे दोन महिने तिने सुट्टीचा एकही दिवस घरी काढला नाही. ओळखीच्या पॅकिंगवाल्यांकडे, जुन्या कंपनीत, भोसरीला, तळवड्याला, मंजुषाचं नाव आणि फोन नंबर घेऊन फिरत राहिली. दोन ठिकाणी काम मिळत होतं. दोन्ही वेळा मंजुषाने वर्षालीमार्फत नको म्हणून कळवलं. अखेर माण गावच्या आयटी पार्कातल्या एका कँटीनमध्ये तिने स्वतःच काम शोधलं, आधीच्यापेक्षा कमी पगारावर. जायला-यायला तिला दोन बस बदलाव्या लागतात.

वर्षालीशी मंजुषा आता पूर्वीसारखी बोलते. विजयश्रीशी नाही.